एकच डबा सारखा रुळावरून उतरतोय? वजन घालायच्या आधी हे बघा

टेबलावर मॉडेल रेल्वेची गाडी फिरतेय. चार फेऱ्या झकास होतात आणि पाचव्या फेरीला मधलाच एक डबा खाली उतरतो. आपण उचलून ठेवतो, दोन फेऱ्यांनी पुन्हा तोच. मग कोणीतरी सांगतं, ‘हलका आहे, वजन घाल.’ डब्यात चार नट पडतात. दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी डबा पुन्हा उतरतो, फक्त आता जरा जोरात आपटतो.

एचओ मापाचे, म्हणजे १:८७ प्रमाणाचे आणि १६.५ मिमी रुंदीच्या रुळावर चालणारे असे उतरणारे डबे गेली बरीच वर्षं माझ्या टेबलावर येतायत. आधी स्वतःचे, मग मित्रांचे, मग मित्रांच्या मित्रांचे. त्यातल्या बहुतेकांत वजन होतं. ते सगळ्या चाकांवर पोचत नव्हतं, एवढीच अडचण होती.

एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे पेपरात ‘गाडीच्या तीन बोग्या घसरल्या’ असं छापून येतं, तिथे बोगी म्हणजे डबा. इथे बोगी म्हणजे डब्याच्या पोटाखालचा फिरता सांगाडा, दोन ॲक्सल (चाकांची जोडी जोडणारे दांडे) आणि चार चाकांचा. एका डब्याला अशा दोन.

लक्षणं काय सांगतात

तोच डबा कुठेही उतरत असेल तर दोष डब्यात. कुठलाही डबा एकाच जागी उतरत असेल तर दोष रुळात. वाचताना हे उघड वाटतं, पण डबा खोलून बसलेल्या निम्म्या लोकांना मी विचारतो, ‘दुसरा डबा तिथून नेऊन बघितला का?’ तर उत्तर येतं ‘नाही’.

ओढताना नीट आणि मागे ढकलताना उतरतो, तर कपलिंगकडे, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्याकडे बघा. लांब गाडीत मधे असताना वळणावर आतल्या बाजूला कलंडतो, तर तो शेजाऱ्यांच्या मानाने हलका आहे. सरळ रुळावरसुद्धा बैलगाडीसारखा डुलतो, तर दोन्ही बोग्यांचे स्क्रू ढिले असतील, वजन फार वर बसलं असेल किंवा एखादं चाक ॲक्सलवर तिरकं बसलं असेल. फक्त सांध्यावर, म्हणजे रूळ फाटतात त्या पॉइंटवर उडी मारतो, तर चाकांमधलं अंतर बिघडलंय. आणि मे महिन्यापर्यंत व्यवस्थित चालणारा डबा गणपतीत उतरायला लागला, तर डब्याला बिचाऱ्याला बोल लावू नका. पावसाळ्यात प्लायवुडचा बोर्ड फुगलाय.

फुकटात होणारी तपासणी

जिथे उतरतो तिथे रुळाच्या बाजूला कागदी टेपचा तुकडा चिकटवा. दहा फेऱ्या होऊ द्या आणि तुकडे कुठे जमतात ते बघा. मग डबा उचलून उलट्या तोंडाने लावा. आधी पुढची बोगी उतरत होती आणि आता मागे गेलेली तीच बोगी उतरतेय, तर चोर सापडला. बोगी बदलली पण अजूनही पुढचीच उतरतेय, तर वळण, वेग किंवा कपलिंग.

मोबाइलचा स्लो मोशन कॅमेरा ही या छंदाला मिळालेली देणगी आहे. फोन रुळाच्या उंचीला आडवा ठेवून रेकॉर्ड करा. नुसत्या डोळ्यांना ‘डबा उतरला’ एवढंच दिसतं. व्हिडिओत मात्र कुठलं चाक आधी उचललं ते दिसतं, आणि पुढचं सगळं त्या एका चाकावर अवलंबून आहे.

त्यानंतर चाकं पुसा. ॲक्सलभोवती केस, गालिच्याचा धागा, मांजर असेल तर मांजराचे केस गुंडाळलेले असतात. प्लास्टिकच्या चाकांवर काळा राप चढतो. तो चाकाच्या टेकणाऱ्या पृष्ठभागावर साचतो, त्यामुळे चाक उचललं जातं आणि रुळाला धरून ठेवणारी कड, म्हणजे फ्लँज, तेवढी उथळ होते. एचओच्या फ्लँजची खोली जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असते, त्यात राप किती खाणार! इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरे. खोबरेल तेल नको. हसू नका, दोनदा बघितलंय.

आरसा आणि तिकीट

ही माझी आवडती तपासणी. जुन्या कपाटाचा आरसा किंवा काचेचा तुकडा टेबलावर ठेवायचा, त्यावर डबा. एसटीच्या तिकिटाची बारीक पट्टी कापायची आणि आठही चाकांखाली एकेक करून सरकवायची. जड चाकाखाली ती अडते. ज्या चाकाखालून ती अलगद निघून येते, ते चाक नुसतं दाखवायला आहे. त्याच्यावर भार नाही.

मागे एका शाळकरी मुलाची कोळशाची वाघीण, म्हणजे मालडबा, आली होती. आत त्याने शिसं, नट, दोन जुन्या किल्ल्या असं १६० ग्रॅम भरलेलं. लंबोदर वाघीण! तिकीट लावलं तर तिरक्या कोपऱ्यांवरची दोन चाकं मोकळी. म्हणजे १६० ग्रॅमचा सगळा भार उरलेल्या चाकांवर, आणि मोकळ्या चाकांची फ्लँज वळणावर रुळाला नुसती घासत होती. बाजूने रेटा आला की ती वर चढायला मोकळीच. चाक रुळावर चढतं का नाही, हे बाजूचा रेटा आणि खालचा दाब यांच्या प्रमाणावर ठरतं. खालचा दाब शून्याकडे गेला की फुंकरीएवढा रेटाही पुरतो. त्या वाघिणीचं निम्मं वजन मी काढून टाकलं आणि दोन स्क्रू फिरवले. ती आजही चालते.

ते दोन स्क्रू

या लेखातलं एवढंच एक लक्षात राहिलं तरी चालेल. चुलीला तीनच दगड का असतात? चौथा ठेवला की भांडं डुगडुगतं, कारण जमीन कधीच सपाट नसते. डब्याच्या दोन्ही बोग्या घट्ट आवळल्या की डब्याचं चार पायांचं स्टूल होतं. रूळ जरासा पिळलेला असला की एक पाय हवेत.

म्हणून एका बोगीचा स्क्रू इतका आवळायचा की बोगी डावीकडे-उजवीकडे सहज वळेल, पुढे-मागे थोडी झुकेल, पण एका कुशीवर डुलणार नाही. दुसऱ्या बोगीचा स्क्रू तिथून अर्धा-पाऊण फेरा ढिला, म्हणजे ती सगळीकडे डुलेल. पहिली बोगी झाली दोन दगड, दुसरी एक. झाली चूल. डबा आता तीन टेकूंवर उभा आहे आणि खाली रूळ कसाही पिळला तरी आठही चाकं बसून राहतात.

दोन्ही ढिले ठेवले तर काय? डबा उतरणार नाही कदाचित, पण वळणावर दारुड्यासारखा झुकेल. दोन्ही घट्ट तर वर सांगितलेलं रामायण.

तपासायला पुन्हा आरसा. एका बोगीच्या एका बाजूच्या दोन्ही चाकांखाली व्हिजिटिंग कार्डाची पट्टी सारा. ती बोगी तिरकी झाली तरी दुसऱ्या बोगीच्या चारही चाकांनी तिकीट धरून ठेवायला हवं. तसं होत नसेल तर ढिला स्क्रू अजून पाव फेरा सोडा. स्क्रूचं भोक झिजून तो राहत नसेल तर भोकात काडीपेटीच्या काडीची कपची आणि फेविकॉल. सुकू द्या मात्र.

हे एवढं महत्त्वाचं का, ते मापावरून कळतं. आपल्या मालगाडीतली बॉक्सएन वाघीण घ्या. तिच्या एका बोगीतल्या दोन ॲक्सलमधलं अंतर २ मीटर, तर दोन बोग्यांच्या मध्यांमधलं ६.५ मीटर. मॉडेलमध्ये ते होतात २३ मिमी आणि ७५ मिमी. २३ मिमीत रूळ किती पिळणार? पण ७५ मिमीत त्याच्या तिप्पट पीळ येतो, आणि तो पचवायला मॉडेलमध्ये त्या ढिल्या स्क्रूशिवाय दुसरं काहीही नाही.

चाकांमधलं अंतर

आता व्हर्नियर कॅलिपर लागेल. साधा डिजिटल चालतो, पाच-सहाशेत मिळतो. दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १४.४ ते १४.६ मिमीच्या दरम्यान हवं. प्रत्येक जोडी तीन जागी फिरवून मोजा. तीन आकडे वेगळे आले तर चाक ॲक्सलवर तिरकं बसलंय आणि डबा डुलण्याचं कारण तेच.

अंतर कमी असेल तर चाक सांध्याच्या मधल्या आडपट्टीवर चढतं, जास्त असेल तर फ्लँज रुळाला सतत दाबून असते. चाक हाताने पिळून सरकतं का बघा. सहज सरकत नसेल तर जोर लावू नका, आणि पकडीने तर मुळीच नको. ॲक्सल वाकलं की जोडी कचऱ्यात. नवी धातूची चाकं घालणं सगळ्यात शहाणपणाचं. ती जड असतात, वजन नेमकं तळाशी जातं आणि राप कमी धरतात.

कपलिंग

स्वस्त डब्यांची कपलिंग बोगीलाच जोडलेली असतात. ओढताना काही बिघडत नाही, बोगी ओढीच्या दिशेला वळते. पण मागे ढकललं की तोच दांडा बोगीला बाजूला पिळतो आणि बोगी आडवी होऊन उतरते. लांब गाडी रिव्हर्स घेणार असाल तर कपलिंग डब्याच्या अंगाला लावून घ्या. मग रेटा डब्याच्या सांगाड्यातून जातो, बोगीला कळतही नाही. मात्र फार तीव्र वळणावर लांब डब्यांची अंगाला लावलेली कपलिंग एकमेकांना बाजूला ओढतात, तेव्हा आधी तुमचं सगळ्यात छोटं वळण मोजा.

कपलिंगची उंचीही बघा. एक वर, एक खाली असेल तर ओढीबरोबर डबा उचललाही जातो. बोगी आणि डब्यामध्ये एक पातळ वॉशर, एवढंच लागतं बऱ्याचदा.

आता वजन

आला का विषय? अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची एचओसाठीची शिफारस अशी: सुरुवातीला १ औंस आणि डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या भाषेत २८ ग्रॅम अधिक दर सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम. १५ सेंमीचा डबा ११२ ग्रॅमचा, आणि २७ सेंमीचा एलएचबी (नव्या धाटणीचा प्रवासी) डबा १७९ ग्रॅमचा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो, घरच्यांना विचारून घ्या.

हे आकडे हवेतून आलेले नाहीत, ते जुळवून बघण्यात मजा आहे. लांबी ८७ पट कमी केली की घनफळ ८७ चा घन, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पटींनी कमी होतं. रिकामी बॉक्सएन २२.४७ टनांची, मॉडेलमध्ये ३४ ग्रॅम. भरलेली ८१.२८ टनांची, १२३ ग्रॅम. मॉडेलच्या साधारण ११ सेंमी लांबीला सूत्राने ९० ग्रॅमच्या आसपास येतात, म्हणजे रिकामीच्या वर आणि भरलेलीच्या खाली. ३४ ग्रॅमची खरीखुरी ‘प्रमाणबद्ध’ रिकामी वाघीण आपल्या टेबलावरच्या वळणांवर टिकणार नाही, कारण आपली वळणं अमानुष असतात. भारतीय ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळण १० अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं चालतं. एचओमध्ये त्याची त्रिज्या २ मीटर होते. आपण ४५ सेंमीत गाडी फिरवतो!

खऱ्या रेल्वेतही भरलेल्यापेक्षा रिकामी वाघीण जास्त नाजूक असते, आणि कारण तेच. स्प्रिंगा भरलेल्या वाघिणीचा भार पेलायला बनवलेल्या असतात. रिकामी असताना त्या फारशा दबत नाहीत, मग रूळ जरा खाली गेला की चाक त्याच्यामागे खाली जात नाही.

भारतीय डबे बनवणाऱ्यांना एक खास अडचण आहे. एचओचा १६.५ मिमीचा रूळ हा जगातल्या १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचा. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, ते १:८७ मध्ये १९.३ मिमी व्हायला हवं. म्हणजे आपण रुंद अंगाचा डबा अरुंद पायांवर उभा करतो. म्हणून वजन छताला किंवा खिडक्यांच्या उंचीला चिकटवू नका. फरशीवर, बोग्यांच्या बरोबर वर, दोन्हीकडे सारखं.

वजन कुठून आणायचं? टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगला ५ आणि १० ग्रॅमच्या मागे गोंद असलेल्या पट्ट्या लावतात. चहाच्या पैशांत मूठभर मिळतात. शिशाच्या असतील तर हाताळून हात धुवा, लहान मुलांना देऊ नका, आणि गॅसवर शिसं वितळवायचा उद्योग घरात अजिबात नको.

जास्त वजनही बरं नाही. इंजिन चढावर दमतं, ॲक्सलची टोकं झिजतात, आणि लांब गाडीत मागचे जड डबे पुढच्या हलक्या डब्याला वळणावर आत खेचतात. ताणलेली दोरी सरळ व्हायला बघते, तसंच. हलका डबा ठेवायचाच असेल तर तो शेवटी जोडा.

वजनाबद्दल बोलताना मला नेहमी बार्शी लाइट रेल्वे आठवते. १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप एका गोष्टीवर अडून बसला होता: इंजिन असो की वाघीण, एका ॲक्सलवर ५ टनांहून जास्त भार नको. रूळ हलके, मीटरला १५ किलोचे, तरी गाडी दमदार माल ओढायची. एकूण वजन किती याची त्याला फिकीर नव्हती, ते किती ॲक्सलांवर वाटलंय याची होती. तुमच्या टेबलावरही तेच बघायचं आहे.

बोगी बदलावी का

इथवर येऊन डबा उतरतच असेल तर बोगी हातात घ्या. चाकाला टिचकी मारा. सात-आठ सेकंदही फिरत नसेल तर ॲक्सलच्या सुईसारख्या टोकांची खोबण बुजलीय. ती साफ करायचं छोटं रीमर मिळतं. तेल घालू नका, धूळ धरतं. ग्रॅफाइटची पूड चिमूटभर, किंवा काहीच नाही.

आरशावर एकाच चाकाखाली कार्ड घाला. बोगीची चौकट एकसंध, कडक असेल तर त्याच बोगीतलं दुसरं एखादं चाक उचललं जाईल. बाजूच्या चौकटी किंचित स्वतंत्र हलणाऱ्या बोगीत चारही चाकं टेकून राहतात. रूळ वाईट असतील तर अशी बोगी पैसे वसूल करते. खऱ्या मालगाडीतली कॅस्नब बोगीही याच घराण्यातली: बाजूच्या दोन चौकटी, मधे बोल्स्टर नावाची आडवी तुळई, आणि दोन्ही चौकटी वेगवेगळ्या झुकू शकतात.

स्प्रिंगवाल्या बोग्या बघून भुलू नका. दिसायला सुरेख असतात, पण शंभर ग्रॅमच्या डब्याखाली त्या स्प्रिंगा बहुधा दबतच नाहीत. मग ती कडक बोगीच, फक्त महागडी.

रूळ

टेपचे तुकडे एकाच जागी जमले असतील तर डोळा रुळाच्या पातळीला आणून लांबवर नजर टाका. जोडावरचा कोन असा लगेच दिसतो, वरून बघून कधीच दिसत नाही. जोडावर नख फिरवा, अडलं तर कानस. बोर्ड फुगला असेल तर रूळ उचलून खाली पातळ कागदाच्या पट्ट्या घालायच्या. हे कंटाळवाणं काम आहे आणि यात शॉर्टकट नाही. मी ते ऑक्टोबरअखेरपर्यंत ढकलतो, बोर्ड सुकल्यावर निम्मे कोन आपोआप बसतात.

इथे थांबा

रुळाला वीज पुरवणाऱ्या पॉवर पॅकच्या आत २३० व्होल्ट असतात. रुळावरचे १२ व्होल्ट निरुपद्रवी, आतले नाहीत. तो गरम होत असेल, वास येत असेल तर प्लग काढा आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे न्या. गाडी उतरल्यावर रुळात शॉर्ट होऊन पॅक वारंवार ट्रिप होत असेल तरी.

डबा नाही, इंजिनच उतरत असेल आणि एक चाक ॲक्सलवर सैल फिरत असेल, तर गिअरबॉक्स स्वतः उघडू नका. माझ्या ओळखीत हे काम सगळ्यात नीट एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याने केलं होतं. आजोबांच्या काळातलं पितळी किंवा पत्र्याचं मॉडेल असेल तर त्याला वजनासाठी भोकंही पाडू नका, आधी जाणकाराला दाखवा.

आणि सोसायटीच्या किंवा फार्महाउसच्या बागेत माणसं बसणारी छोटी गाडी असेल, तर यातलं एकही अक्षर तिला लावू नका. टेबलावर डबा उतरला की आपण हसून उचलतो. मुलं बसलेली गाडी एकदा जरी उतरली तरी ती तिथेच बंद ठेवायची आणि बनवणाऱ्याचा किंवा रेल्वेच्या कामाचा अनुभव असलेला मेकॅनिकल इंजिनिअर येऊन चाकं, बोग्या आणि रूळ मोजून देईपर्यंत कोणालाही बसवायचं नाही, रविवार असला तरी.